पॅसेजमधली गुलाबाई

७ सप्टेंबर, रविवार

बोरसे सरांचा धुळ्याहून फोन आला तेव्हा मी गॅसवर चहा ठेवला होता. बोलता बोलता खिडकीशी गेले. चहा उतू गेला, गॅस विझला, मला काही कळलं नाही. वहिनी धावत आली आणि तिने बटण बंद केलं. मी तिला हाताने "थांब" एवढंच खुणावलं. फोन महत्त्वाचा होता.

नोव्हेंबरात धुळ्याला अहिराणीचं मोठं संमेलन आहे. सूरतहून एका माणसाला बोलायला बोलावणार आहेत. सर म्हणाले, "योगिताताई, सगळी अहिराणी धुळे-नंदुरबार-जळगावात. मग तिला नवी पालवी फुटतेय ती तुमच्या सूरतमध्ये का? युरोपातलं प्रबोधन तुम्ही एम.ए.ला वाचताय. तेही सगळीकडे एकदम नाही झालं, इटलीतच आधी झालं. का? त्या अंगाने लिहा." कोजागिरीला ते लेकीकडे बारडोलीला येणार आहेत, तेव्हा आमच्याकडेही येतील आणि मग ठरवतील.

सूरतमध्ये मी सोडून हे काम दुसरं कोण करतं? आईची गुलाबाईची गाणी मी तीन वर्षं रेकॉर्ड करतेय. सर काढतात त्या अहिराणी नियतकालिकाच्या अंकात त्यावर माझा लेखही आला. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. रोजनिशीत खोटं लिहायचं नाही आणि खोडायचं नाही, हा आण्णांचा नियम. चौथीपर्यंत मला त्यांनीच घरी शिकवलं. कारखान्यातून आले की हात धुऊन पेन्सिल घेऊन बसायचे.

आज रात्री ग्रहण, म्हणून वहिनीने वेध लागायच्या आतच खालच्या पॅसेजमध्ये गुलाबाई बसवली. शिरपूरला तिच्या माहेरी या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर बसते म्हणे, मुली रोज तिच्यापुढे गाणी म्हणतात. इथे एवढ्या वर्षांत कोणी बसवली नव्हती. मखराला शेतातली ज्वारीची ताटं लागतात, ती सूरतच्या उधन्यात कुठून मिळणार? तिने दादाकडून कारखान्यातले सुताचे रिकामे कोन मागवले आणि चार खांब रचले. गुलाबी, पोपटी, जांभळे. गुलाबाईचं देऊळ की यार्नचं गोदाम, असं मी म्हटलं. ती हसली. तिला राग येत नाही, हे मला आवडत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

पॅसेजमध्ये बसून बायका साड्यांना चमकीच्या टिक्क्या चिकटवतात. वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांच्यात बसते. आता काम संपलं की तिथेच गाणी होतात. बिल्डिंगमधल्या सगळ्या मुली जमतात, ज्या मुलींना अहिराणीत हाक मारली की त्या गुजरातीत उत्तर देतात. हातात टिपऱ्या म्हणजे मागच्या नवरात्रीतले दांडिये.

मी जिन्यावरून ऐकत होते. वहिनीने नवं कडवं घातलं:

*नणंद मनी पुस्तक वाचस,*
*चहा उतू गया तरी नही उठस!*

सगळा पॅसेज हसला. आई सुद्धा, तोंडाला पदर लावून. आई आण्णांसमोर अशी कधी हसत नाही.

मला राग गाण्याचा नाही. गुलाबाईच्या गाण्यात सासू-नणंदेची टिंगल असतेच, हे मीच माझ्या लेखात लिहिलंय. पण चाल तिची नव्हती. टाळी तर सरळ गरब्याची, तीन ताळी. मी खाली जाऊन तेवढंच सांगितलं. वहिनी म्हणाली, "हाऊ ताई, पन पोरीस्ना पाय त्यानावरच उठतस."

मला कोणी रिंगणात बोलावलं नाही. खिरापतीच्या वेळी शीतल बंद डबा हलवत होती, आत काय ते ओळखायचं, आणि सगळ्या ओरडत होत्या, गोड की तिखट, कुरकुरीत की मऊ. शीतल म्हणजे यवतमाळच्या ताराकाकूंची मुलगी, नववीत आहे. मी वर जाताना तिने विचारलं, "ताई, तुम्ही नाही ओळखत?" वहिनीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे व, ताई अभ्यास करी राहिनी."

तिने ते चांगल्या मनानेच म्हटलं असेल.

१४ सप्टेंबर, रविवार

शीतलने वहिनीचा व्हिडिओ कुठेतरी टाकला आणि आता शहराच्या दुसऱ्या भागांतून, कोसाडहून, लिंबायतहून बायका बघायला येतात. एक बाई म्हणाली, "आम्हनी सोसायटीमा बी बसाडसूत, तुम्ही येशात का शिकाडाले?" मला नाही, वहिनीला. माझ्याजवळ आईच्या आवाजात पंचवीसेक गाणी आहेत. प्रत्येकाचं गाव, कोणाकडून ऐकलं, सगळं नोंदलेलं. ते ऐकायला अजून कोसाडहून कोणी आलेलं नाही.

वहिनी आठवी नापास आहे. हे मी का लिहिलं? खरं आहे म्हणून.

संध्याकाळी सरांचा फोन. आवाजात उत्साह. "योगिताताई, तो व्हिडिओ उधन्याचा ना? ती बाई कोण?"

मी म्हटलं, "आमच्याच बिल्डिंगमधली."

हे खोटं नाही. वहिनी आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते.

१८ सप्टेंबर, गुरुवार

निबंध पुढे सरकत नाही. प्रबोधन इटलीतच आधी का, याची कारणं पाठ आहेत. श्रीमंत व्यापारी शहरं. बंदरांतून आलेली परकी माणसं, परके सूर, परके रंग. कारागिरांची दुकानं, जिथे काम करता करता एक दुसऱ्याचं पाहून शिकतो. आपलं शहर पडल्यावर जुन्या पोथ्या घेऊन दुसरीकडे आलेली माणसं. आणि जुन्या वैभवाचे तुकडे, सगळ्यांच्या पायाखाली पडलेले, कोणीही उचलावेत असे.

मग मी लिहिलं: "सूरतमध्ये यातलं काहीच नाही. इथे फक्त कारखाने आहेत, साड्या आहेत, आणि एका नळावर चार भाषा बोलणाऱ्या बायका. त्यामुळे इथल्या तथाकथित नव्या बहराला प्रबोधन म्हणता येत नाही. ती केवळ हौस आहे."

वाचून बरं वाटलं. नंतर ते वाक्य परत वाचलं तेव्हा तितकं बरं वाटलं नाही. खालून टाळ्यांचा आवाज येत होता, खिडकी लावून घेतली.

लहान असताना मी याच खिडकीत बसून शुद्धलेखन काढायचे. तेव्हा पॅसेजमध्ये काही नव्हतं, फक्त खालच्या मजल्यावरच्या मागांचा आवाज. गुलाबाईच्या रिंगणात मी उभी राहिल्याचं मला आठवत नाही. कधी उभी राहिलेच नसेन.

२१ सप्टेंबर, रविवार

वहिनी स्वतःहून आली. दारात उभी राहून, पदराशी चाळा करत. आण्णा घरात होते म्हणून आवाज बारीक. "ताई, कोजागिरीले ते धुळाना सर येनार शेत ना? मग आम्हनं काही वाकडंतिकडं नको. तुम्ही एकदाव तपासी द्या. तुमले बठ्ठं समजस."

मी नको म्हणायला हवं होतं का? ती मागतेय. मला येतं. येत असून न सांगणं हे तर वाईट.

दोन तास बसून सगळं तपासलं. ती म्हणायची, मी थांबवायचे. "सुरत" कडव्यात आहे, ते जुन्या गाण्यात नव्हतं, काढलं. ताराकाकूंनी आणलेली भुलाबाईची, म्हणजे तिकडच्या गुलाबाईची, ओळ वऱ्हाडी आहे, ती इथे बसत नाही, काढली. "डिझाइन", "पार्सल", "लिफ्ट" काढले. तीन ताळी काढली. मूळ चाल आईच्या रेकॉर्डिंगवरून ऐकवली आणि पेन्सिलीने टेबलावर ठेका दाखवला. नणंदेचं कडवं मी सगळ्यात शेवटी काढलं, म्हणजे कोणाला वाटू नये की त्यासाठीच बाकीचं काढलं.

प्रत्येक दुरुस्ती खरी होती. एकही मी मुद्दाम चुकीची सांगितलेली नाही. हे नीट लिहून ठेवते.

वहिनी जाताना म्हणाली, "गंज उपकार व्हयनात ताई."

आण्णा पेपरातून मान वर करून म्हणाले, "चांगलं केलंस. करायचं तर शुद्ध करावं."

२४ सप्टेंबर, बुधवार

नवरात्र सुरू झालं. समोरच्या शेरीत, म्हणजे गल्लीत, गरबा असतो, दरवर्षी असतो, त्यात नवं काही नाही. पण पहिल्या दिवसापर्यंत मुली आधी पॅसेजमध्ये गुलाबाई करून मग तिकडे जात होत्या. काल निम्म्या आल्या. आज सरळ तिकडेच गेल्या.

मी खाली गेले. वहिनी, आई, दोन लहान मुली. वहिनी एक ओळ म्हणायची आणि थांबायची. माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की पुढे. गाणं असं चालत होतं जसं रस्ता खणलेला असताना रिक्षा चालते.

मला हे नको होतं.

आणि आता नियमाप्रमाणे खरं लिहिते. जिना चढताना मला छातीत थोडंसं मोकळं वाटलं. फार नाही. पण वाटलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

नळावर ताराकाकू भेटल्या. कमरेवर हात. "काहून वो योगिता, तुमची गुलाबाई परीक्षेले बसली काय?"

"म्हणजे काय काकू?"

"म्हंजे असं, का पोरी म्हणतात, तिथं गावं लागत नाही, पास व्हावं लागते. आमची भुलाबाईची ओळ काढून टाकली म्हणे. काढ बाप्पा. ओळच ते. माह्या मायनं शिकवलेली होती, एवढंच."

त्यांनी हंडा उचलला आणि गेल्या. मी त्यांना मागून सांगणार होते की वऱ्हाडी आणि खानदेशी परंपरा वेगळ्या आहेत, सरमिसळ झाली तर पुढच्या अभ्यासकाला काही कळणार नाही. सांगितलं नाही. कोणत्या पुढच्या अभ्यासकाला, ते मला नेमकं सांगता आलं नसतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

दुपारी आई गवारीच्या शेंगा मोडत होती. आण्णा आणि दादा कारखान्यात, वहिनी पाण्याला. मी आईला विचारलं, ते केळीच्या पानाचं गाणं, त्याचं मूळ रूप कोणतं? माझ्या एका रेकॉर्डिंगमध्ये एक आहे आणि दुसऱ्यात वेगळं.

आई म्हणाली, "मूळ कसानं?"

"म्हणजे गावात कसं म्हणायचे ते."

"ज्या घर गयूत, तसं. पाटीलना घर म्हैस याई ते म्हैसनं. सोनारना घर नथनं. ज्याले जे सुचे ते घाले. समोरनी हासनी पाहिजे, बस. नही हासनी, ते खिरापत लवकर नही मिळे." ती हसली. मग माझं तोंड बघून शुद्ध मराठीत बोलू लागली, आण्णा घरात असल्यासारखी. "तुला लिहायचं असतं, म्हणून मी एकसारखं सांगते. तसं ते एकसारखं कधीच नव्हतं."

"मग तू इथे का नाही म्हटलंस? मी लहान होते तेव्हा?"

शेंग मोडायची थांबली. "तुझे आण्णा पहिल्यांदा सूरतला आले ना, तुझं नाव घालायला शाळेत गेले. तिथल्या बाबूने त्यांचं बोलणं ऐकून दुसऱ्या बाबूला बोलवलं, ऐक ऐक, हा कसा बोलतो. दोघं हसले. तुझे आण्णा तसेच परत आले. म्हणाले, पोरीला मीच शिकवतो, आणि या घरात आता ती बोली नको, पोरीची जीभ वळायला नको." परत शेंगा. "मग मी नही म्हने. मनातल्या मनात म्हने."

तेवढ्यात वहिनी पाण्याची कळशी घेऊन आली आणि आई तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला लागली, भाजीत काय टाकायचं ते. किती पटकन बोलतात त्या. मला समजतं सगळं. मी त्यावर लेख लिहू शकते. पण मध्ये बोलायचं म्हटलं की आधी वाक्य मनात जुळवावं लागतं, आणि तोवर त्यांचा विषय पुढे गेलेला असतो.

आईने मला जे गाणं दिलं ते तिने माझ्यासाठी नीट घडी घालून दिलं. वहिनीला तिने होतं तसं दिलं, अस्ताव्यस्त. मला वहिनीचा इतका हेवा वाटतो की लिहिताना अक्षर बिघडलंय.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आपट्याची पानं द्यायला वहिनीसमोर गेले. पाया पडायला वाकले तर तिने हात धरला. म्हटलं, "वहिनी, ते सगळं सोडा. तुमचं जुनंच म्हणा. टाळीसकट."

ती म्हणाली, "ताई, आते जुनं बी येत नही नि नवं बी येत नही. तोंड उघाडं का पहिले तुमनी पेन्सिल दिखस."

रागाने नाही म्हणाली. सांगितलं, डोळ्यात कुसळ गेलंय असं सांगतात तसं.

मला आण्णांची पेन्सिल आठवली. पिवळी, मागे रबर असलेली. मी अजूनही कोणाच्या घरी पाणी मागताना मनात एकदा वाक्य म्हणून बघते.

४ ऑक्टोबर, शनिवार

सर परवा येतील. वहिनी म्हणते, "नको ताई, गुलाबाईले तशीच बोळवू. सरस्ले तुमनं रेकॉर्डिंग ऐकाडा." पॅसेजमध्ये कोन पडलेत, एक खांब मांजराने पाडला तो कोणी उभा केला नाही.

म्हणजे सर येतील, पॅसेज गप्प असेल, मी माझा निबंध देईन, त्यात लिहिलंय तसंच सगळं दिसेल. धुळ्याला मी जाईन. मला काहीच करायचं नाही. नुसतं काही न करता बसायचं आहे.

आणि गाणं झालं तर सर तिलाच नेतील. याबद्दल मला शंका नाही. मीही तिलाच नेलं असतं.

दिवसभर हेच. भाजीत मीठ दोनदा पडलं. आण्णा म्हणाले, "लक्ष कुठे आहे?" मी म्हटलं, अभ्यासात.

संध्याकाळी खाली जाऊन तो खांब उभा केला. खांबाने काही ठरत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

चंद्र डोक्यावर यायच्या आत लिहून काढते. वर गच्चीवर दूध आटतंय, मला बोलावतील.

सर पाचला आले. त्यांना आणि आण्णांना पॅसेजमध्ये खुर्च्या दिल्या. ताराकाकूंना मी सकाळी जाऊन सांगून आले होते की या, मुलींना आणा, तुमची ओळही आणा. त्या "पाहू" म्हणाल्या होत्या. पण आल्या. शीतलही आली, गरब्याच्या ओढणीतच. आज शेवटचा दिवस आणि खिरापत आमच्या घरची, म्हणून डबा माझ्या हातात.

कोणी सुरुवात करेना. वहिनी सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी. मुली एकमेकींना कोपर मारत. सर मोबाईल धरून वाट बघत होते. आण्णांनी घसा साफ केला, बैठक संपवताना करतात तसा.

मी वहिनीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. मला तेव्हा नक्की कळलं की असंच आणखी थोडं थांबलं की सगळं माझं आहे.

मी डबा खाली ठेवला आणि म्हणायला लागले.

मला चाल येत नव्हती. कोणती धरली कोण जाणे. आवाज आधी निघालाच नाही, मग एकदम मोठा निघाला. आण्णांच्या समोर, त्या घरात नको असलेल्या बोलीत, तिथल्या तिथे सुचलं ते:

*वहिनी मनी गाणं गास,*
*भाकर करपनी तरी ना पाहस...*

पुढे काही सुचेना. तेच दोनदा म्हटलं. टाळी चुकली. शीतल फिस्सकन हसली, मग ताराकाकू, मग सगळ्याच. मला वाटलं जमीन फाटावी. आण्णा माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण कळतं.

आणि भिंतीकडून आवाज आला, "असं नही ताई! टाळी पहिले, मंग शब्द!"

वहिनीचा पदर खांद्यावर आला होता. ती पुढे आली, माझे दोन्ही हात धरून एकमेकांवर आपटले, अशी, अशी, आता फीर. आणि माझ्या दोन ओळींना तिने लगेच उलट जोडलं, नणंदेच्या पुस्तकाचं, चहाचं. ताराकाकूंनी त्यात त्यांची ओळ घातली. ती बसत नव्हती, तरी बसवली. मुलींनी ओढण्या कमरेला खोचल्या. मखराला धक्का लागून एक खांब परत पडला आणि कोन पायांत घरंगळत गेले, कोणी थांबलं नाही. मी रिंगणात होते. माझे पाय सारखे चुकत होते आणि वहिनी मोठ्याने मला दुरुस्त करत होती, सरांसमोर, सगळ्यांसमोर. "डावा, ताई! डावा!"

आण्णा उठून वर गेले. जाताना म्हणाले, गोळी घ्यायचीय.

मग खिरापत. शीतलने डबा हलवला. गोड? नाही. चिवडा? नाही. चकली, शेव, करंजी, नाही, नाही. कोणालाच ओळखेना. कोसाडहून आलेल्या एका बाईने डब्याला कान लावला, वास घेतला, हरली. मी म्हटलं, ओळखल्याशिवाय उघडणार नाही.

तेवढ्यात वरून, जिन्याच्या वळणावरून, मोठा आवाज. "बिबड्या शेत त्या! कच्चा कांदासंगे! हालावाना आवाज कोनलेच समजत नही का?"

आण्णा. माझ्या जन्मात मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. त्यांच्या नेहमीच्या आवाजाहून तो तरुण होता.

मग ताराकाकू वर बघून म्हणाल्या, "घरच्यायनं वळखलं तर चालत नाही बाप्पा! फाऊल!"

आई पदरात तोंड खुपसून इतकी हसली की तिला बसावं लागलं.

बिबड्यांचे, त्या ज्वारीच्या पापडांचे, तुकडे वाटताना सर माझ्याजवळ आले. "या बाई कोण? ही गाणी कोणाची?"

मी म्हटलं, "माझ्या वहिनी आहेत. गायत्री. गाणी यांची. मला यातलं काही येत नाही."

सर म्हणाले, "फोनवर तुम्ही म्हणाला होतात, बिल्डिंगमधली कोणी आहे."

"हो. म्हणाले होते."

ते वहिनीकडे गेले आणि हात जोडून अहिराणीत बोलले. नोव्हेंबरात वहिनी, शीतल, ताराकाकू आणि आणखी काही मुली धुळ्याला जाणार. मला म्हणाले, "तुमचा निबंध अंकात छापू. सविस्तर लिहा."

मी बरं म्हटलं. छान म्हटलं. वहिनीने सगळ्यांसमोर मला मिठी मारली आणि मी तिच्या खांद्यावरून त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होते.

वरून हाका येताहेत.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी गुलाबाई बोळवली. तापीवर नेली. आई म्हणाली, हेच पाणी वरून, आपल्या खानदेशातून येतं, म्हणजे ती माहेरूनच माहेरी गेली.

आण्णा चहा घेताना नेहमीसारखे बोलले, शुद्ध. कालचं कोणी काढलं नाही. फक्त कप ठेवताना म्हणाले, "तुझी टाळी चुकत होती."

निबंध उघडला. "सूरतमध्ये यातलं काहीच नाही" हे वाक्य बराच वेळ बघितलं. खोडायचं नाही हा नियम रोजनिशीचा आहे, निबंधाचा नाही. खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते मात्र अजून येत नाही. इटलीची कारणं सगळी पाठ आहेत. सरांना निरोप पाठवला की कारण अजून सापडलेलं नाही, मुदत हवी.

धुळ्याला मी जात नाही याचं वाईट वाटतं. कमी झालेलं नाही. वहिनीने नवी साडी कोणती नेसू विचारलं तेव्हा मी निळी सांगितली, कारण निळी तिला खरंच शोभते.

दुपारी जिना उतरत होते. पॅसेजमध्ये वहिनी साडीला टिक्क्या लावत बसली होती, एकटी, आणि गुणगुणत होती. माझ्या ओळी. काल सुचलेल्या.

*वहिनी मनी गाणं गास,*
*भाकर फुगनी तरी ना पाहस...*

मी "करपनी" म्हटलं होतं. तिने "फुगनी" केलं होतं. तिला विसर पडला की तिने मुद्दाम बदललं, माहीत नाही. माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं.

मी जिन्यातच उभी राहिले. दुरुस्त केलं नाही. मग खाली जाऊन तिच्या समोर बसले आणि साडीचं दुसरं टोक हातात घेतलं.